वाळवंटातले नगर आणि भाड्याची मोटार

पूर्वी गावातला एखादा माणूस काशीयात्रा करून आला की सारा गाव त्याच्या ओट्यावर हकिगत ऐकायला जमत असे. आता आमच्या एका आळीतच तीन घरची मुले परदेशी आहेत आणि त्यांचे आईबाप सहा-सहा महिने तिकडे राहून येतात. निघताना चटणी-लोणची बांधून द्यायला सगळे पुढे असतात. पण तिकडे मोटारीने हिंडताना काय पाहावे आणि कशात जपावे, हे सांगणारा कोणी भेटत नाही. म्हणून ही आमची चार दिवसांची हकिगत लिहितो आहे.

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, माण तालुक्यातला शेतकरी. कोयना धरण आमच्याच जिल्ह्यात, पण पाऊस बहुधा घाटमाथ्यावरच सांडून जातो आणि आमच्याकडे येईतो ढगांत काही उरत नाही. २०२४ साली आम्ही उभयता अमेरिकेत शिकागोजवळ मुलाकडे गेलो होतो. मे महिन्यात त्याला चार दिवसांची रजा मिळाली. तो म्हणाला, “आबा, लास व्हेगासला जाऊ.”

मी साफ नाही म्हटले. जुगाराचे गाव म्हणून त्याचे नाव आमच्या कानावर होते. मुलगा हसला. म्हणाला, “जुगार तुम्ही बघूच नका. तिथलं पाणी बघा.”

पाण्याचे नाव काढल्यावर मी गप्प बसलो. त्याला कारण होते. आमच्या वडिलोपार्जित विहिरीवरून माझे आणि धाकट्या भावाचे दोन वर्षे बोलणे बंद होते. ते पुढे येईलच.

कुरणांचे गाव

लास व्हेगास हे नेवाडा राज्यातले शहर मोहावी नावाच्या वाळवंटात आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम चार इंच. आमच्याकडे वीस इंच पडला तरी आम्ही त्याला दुष्काळी भाग म्हणतो, मग याला काय म्हणावे? आणि गंमत अशी की त्या नावाचा स्पॅनिश भाषेतला अर्थ ‘कुरणे’. एके काळी तेथे जमिनीतून जिवंत झरे उसळत होते आणि भोवती गवत माजत होते. त्या पाण्याच्या आधारानेच रेल्वे आली आणि १९०५ सालच्या मे महिन्यात भूखंडांचा लिलाव होऊन गाव वसले. पुढे विहिरी वाढल्या, उपसा वाढला, आणि १९६२ साली ते झरे आटले. नावात कुरण राहिले, जमिनीवर राहिले नाही.

आज शहर आणि उपनगरे मिळून तेथे वीस लाखांहून अधिक माणसे राहतात. शिवाय वर्षाला सुमारे चार कोटी पाहुणे येतात. एवढ्यांना पाणी कोठून पुरते, हे पाहायचे तर शहराबाहेर पडावे लागते आणि त्यासाठी मोटार हवी.

मोटार ताब्यात घेताना

विमानतळावर उतरल्यावर मोटार तेथेच मिळत नाही. भाड्याच्या मोटारींच्या सर्व कंपन्या तीन मैलांवरच्या एका मोठ्या इमारतीत आहेत. तेथे नेणाऱ्या बसला तिकीट लागत नाही.

खिडकीवरचा माणूस गोड बोलणारा होता. मोठी गाडी घ्या, हा विमा घ्या, तोही घ्या, पेट्रोलचे पैसे आधीच भरून टाका, असे त्याचे चालू होते. आपल्याकडे बाजारात बी घ्यायला गेलो की दुकानदार सोबत दोन बाटल्या औषध गळ्यात मारतो, तसाच प्रकार. मुलाने घरूनच सारे वाचून ठेवले होते. त्याने जो विमा हवा तो घेतला आणि बाकीला नको म्हटले. विमा मात्र टाळू नये. अपघातात दुसऱ्याला इजा झाली तर तेथला दवाखान्याचा खर्च आपल्यासारख्याचे शेत विकूनही फिटायचा नाही. कोणता विमा आपल्याकडे आधीच आहे आणि कोणता घ्यावा लागेल, हे घरी बसून पाहावे. खिडकीवर घाईत ठरवू नये.

करारात ज्याचे नाव लिहिले त्यानेच गाडी चालवावी. दुसऱ्याने चालवली आणि काही झाले तर विमा हात वर करतो. चालवणारा पंचवीस वर्षांच्या आतला असेल तर बहुधा भाडे जास्त पडते. आपल्याकडून जाऊन कोणाला तेथे गाडी चालवायची असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवाना सोबत लागतोच.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मुलाने तिच्याभोवती फेरी मारली आणि जेथे ओरखडा दिसला तेथे फोटो काढला. बैल विकत घेताना आपण दात आणि खूर पाहतो, तसेच हे. टाकी भरून दिली असेल तर भरूनच परत करावी, नाही तर पेट्रोलचा भाव ते लावतील तो. आणि चार वर्षांच्या नातीसाठी वेगळी खुर्ची घेतली. लहान मुलाला मांडीवर घेऊन बसणे तेथे कायद्याने चालत नाही.

उजव्या हाताचा रस्ता

तिकडे सगळी वाहने उजव्या बाजूने चालतात. मी नुसता शेजारी बसलो होतो, तरी पहिला तासभर पाय आपोआप ब्रेक शोधत होता. पायी रस्ता ओलांडणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. आपली मान सवयीने उजवीकडे वळते आणि मोटार डावीकडून येते.

काही रीती आपल्याला नव्या. चौकात चारी बाजूंना थांबण्याची लाल पाटी असेल तर जो आधी आला तो आधी जातो. पोलीस नसतो, दिवा नसतो, तरी सारे थांबतात. लाल दिवा असतानाही पूर्ण थांबून, रस्ता मोकळा पाहून उजवीकडे वळता येते; मात्र मनाईची पाटी असेल तेथे नाही. शाळेची पिवळी बस लाल दिवे लावून उभी असेल तर मागच्याने थांबलेच पाहिजे. अंतर मैलात मोजतात. पाटीवर ७० असेल तर ते ताशी ७० मैल, म्हणजे ११२ किलोमीटर. पोलिसाने थांबवले तर गाडीतून उतरू नये, दोन्ही हात दिसतील असे ठेवून बसून राहावे. आपल्याकडे उतरून नमस्कार करणे हा विनय; तेथे त्याचा भलताच अर्थ होतो.

मोटार ठेवायची कोठे?

शहराचा दिमाख सगळा एका रस्त्यावर आहे. हॉटेले कसली, एकेक गावच. या हॉटेलांच्या मागे मोटारी ठेवायच्या बहुमजली इमारती आहेत. पूर्वी तेथे गाडी फुकट लावता येत असे, कारण माणूस आत आला की खिसा हलका करूनच जायचा. २०१६ सालापासून मोठ्या हॉटेलांनी गाडी ठेवण्याचेही पैसे घ्यायला सुरुवात केली. काही ठिकाणी अजून फुकट आहे, म्हणून आधी चौकशी करावी. शनिवार-रविवारचे दर वेगळे असतात. खोलीच्या भाड्यावरही वेगळा आकार लावतात. सांगितलेला भाव आणि हातात पडलेले बिल यांत बरेच अंतर असते. संध्याकाळी त्या मुख्य रस्त्यावर बैलगाडीच्या गतीने वाहने सरकतात. म्हणून गाडी मागच्या रस्त्याने आत घालावी, एका जागी ठेवावी आणि पायी हिंडावे.

पहिल्याच रात्री आमची फजिती झाली. परत येऊन पाहतो तो गाडी कोणत्या मजल्यावर ठेवली ते कोणालाच आठवेना. सगळे मजले सारखे, सगळ्या गाड्या सारख्या. अर्धा तास आम्ही जत्रेत चुकलेल्या पोरासारखे फिरलो. शेवटी नात म्हणाली, “आजोबा, खांबावर हिरवा रंग होता.” खरेच, प्रत्येक मजल्याच्या खांबांना वेगळा रंग होता. तेव्हापासून गाडी ठेवली की खांबाचा फोटो काढायचा, असा नेम झाला.

त्याच रात्री एका हॉटेलापुढचे कारंजे पाहिले. आठ-साडेआठ एकरांचे तळे, त्यात गाण्याच्या तालावर पाणी आभाळात उडते. हजारो माणसे बघत उभी होती. आमच्या मंडळींनी मात्र पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, “अहो, वाळवंटात एवढं पाणी हवेत नासतात? आपल्याकडं टँकरला बायका रात्रभर जागतात!”

मुलाने समजावले, “आई, हे नदीचं पाणी नाही. पूर्वी इथं गोल्फचं मैदान होतं, त्याच्या जुन्या विहिरीचं आहे. खरं पाणी कुठून येतं ते परवा बघू.”

लाल खडकांची फेरी

दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेला निघालो. अर्ध्या-पाऊण तासात शहर संपते आणि रेड रॉक कॅन्यन लागते. तेरा मैलांचा एकेरी रस्ता डोंगराच्या कडेने फिरवून आणतो. चुकून पुढे गेले तर मागे वळता येत नाही, पुन्हा सगळी फेरी करावी लागते. ऑक्टोबर ते मे या महिन्यांत दिवसा जायचे तर आधी वेळ ठरवून नाव नोंदवावे लागते. आमच्यापुढच्या एका गाडीला तेवढ्यासाठी परत जावे लागले.

डोंगर कुंकवासारखे लाल. त्यावर करडा खडक टोपीसारखा बसलेला. तेथल्या पाटीवर वाचले की वरचा करडा खडक वयाने मोठा आणि खालचा लाल खडक धाकटा. जमिनीच्या रेट्याने थोरला धाकट्याच्या उरावर चढून बसला आहे. ते ऐकून मला उगाचच अवघडल्यासारखे झाले.

गाडी ठेवून थोडे चाललो. निघताना पिशव्या सीटवर दिसतील अशा ठेवू नयेत, मागच्या डिकीत टाकाव्यात. काचा फोडून चोऱ्या होण्याचे प्रकार तिकडेही आहेत.

मृत्यूची दरी

तिसऱ्या दिवशीची फेरी लांबची. डेथ व्हॅली, म्हणजे मृत्यूची दरी, शेजारच्या कॅलिफोर्निया राज्यात आहे. जायला दोन-अडीच तास लागतात. वाटेत परंप नावाचे गाव आहे, तेथे पेट्रोल भरून घ्यावे. पुढे पंप थोडे आणि भाव भारी. फोन तर बहुतेक रस्ताभर मुका होतो. यंत्रातल्या नकाशाने दाखवलेल्या आडवाटेला लागून माणसे अडकली आहेत आणि काही जिवानिशीही गेली आहेत. म्हणून कागदाचा नकाशा जवळ ठेवावा आणि डांबरी रस्ता सोडू नये. कच्च्या रस्त्यावर भाड्याची गाडी नेण्याला करारातच बहुधा मनाई असते.

दरीचा तळ समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली आहे. १० जुलै १९१३ रोजी येथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. जगातली सर्वांत जास्त म्हणून तीच मानली जाते. वर्षाचा पाऊस दोन इंचांच्या आसपास. पण २० ऑगस्ट २०२३ रोजी एका दिवसातच २.२ इंच पडला आणि रस्ते वाहून गेल्याने हा सारा भाग जवळजवळ दोन महिने बंद होता. वाळवंटात पूर येतो हे आपल्याला खरे वाटत नाही. पण कोरडा ओढा घटकेत भरतो. आभाळ भरले असेल तर ओढ्यात गाडी घालू नये, हा नियम आपल्याकडच्यासारखाच.

एका जागी जुने लाकडी गाडे ठेवले आहेत. १८८३ ते १८८९ या काळात येथून टाकणखार काढून १६५ मैलांवरच्या रेल्वेपर्यंत नेत. दोन मोठे गाडे, त्यांना अठरा खेचरे आणि दोन घोडे जोडलेले. मागची चाके पुरुषभर उंचीहून मोठी. आणि त्या गाड्यांच्या मागे तिसरा गाडा फक्त पाण्याच्या टाकीचा, सुमारे साडेचार हजार लिटरचा. जनावरांचे आणि माणसांचे पाणी बरोबर घेतल्याशिवाय गाडीवान निघत नसे. मी बराच वेळ त्या टाकीपुढे उभा राहिलो.

आम्ही मात्र ती अक्कल विसरलो. मिठाच्या पांढऱ्या मैदानावर उतरलो तेव्हा ऊन ४१ अंश होते. आमच्याकडे वैशाखात एवढे तापतेच, म्हणून मी बेफिकीर होतो. पाण्याच्या बाटल्या गाडीतच राहिल्या. पण तिथली हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, आला तसा उडून जातो. माणसाला कळत नाही की आपण आतून सुकतो आहोत. परतताना आमच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या खालीच बसल्या.

मुलाने त्यांना उचलून गाडीत आणले. गार हवा लावली, सूनबाईंनी पदर भिजवून मानेवर ठेवला, मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजले. अर्ध्या तासाने त्या बोलू लागल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग लक्षात आले, वाहनतळाजवळच पाटी होती : उन्हाळ्यात सकाळी दहानंतर चालत जाऊ नये. आम्ही फोटो काढले, पाटी वाचली नाही. मोटार असली की माणसाला वाटते, आपण उन्हाच्या पलीकडे गेलो. मोटारीतून उतरले की ऊन तेच.

हूवर धरण

चौथ्या दिवशी पहाटेच निघालो. धरण आग्नेयेला पन्नास किलोमीटरच्या आत, रस्ता उत्तम. वाटेत बोल्डर सिटी लागते. १९३१ साली धरणावरच्या कामगारांसाठी वसवलेले हे गाव. नेवाडा राज्याने त्याच वर्षी जुगाराला परवानगी दिली, पण या गावात जुगार आजही चालत नाही. लास व्हेगासच्या शेजारी असे गाव असू शकते, हे पाहून बरे वाटले.

धरणाच्या अलीकडे पहारेकरी गाडी तपासतात. पूर्वी हमरस्ता धरणाच्या माथ्यावरूनच जाई. २०१० साली खालच्या अंगाला नदीपासून सुमारे ८९० फूट उंचीवर नवा पूल झाला आणि रहदारी तिकडे वळली. पुलावरून मोटारीतून जाताना कठड्यामुळे धरण दिसत नाही. म्हणून गाडी खाली ठेवून पुलाच्या पायवाटेवर चढावे. तेथून दिसते ते दृश्य जन्मभर विसरायचे नाही.

दोन काळ्या कड्यांच्या मध्ये ७२६ फूट उंचीची भिंत, म्हणजे आपल्या कोयनेच्या दुपटीहून उंच. तळाशी तिची जाडी ६६० फूट, माथ्यावर ४५ फूट. काम १९३१ ते १९३५ या काळात झाले. सिमेंट-काँक्रीट घट्ट होताना तापते. एवढी भिंत एकदम ओतली असती तर निवायला कितीतरी वर्षे लागली असती आणि ती तडकली असती. म्हणून ती ठोकळ्या-ठोकळ्यांनी उभी केली आणि आत पाचशे मैलांहून अधिक नळ घालून त्यांतून गार पाणी खेळवले. कामावर ९६ माणसे दगावल्याची अधिकृत नोंद आहे. कामगार काँक्रीटमध्ये गाडले गेले असे लोक सांगतात, ती दंतकथा आहे. शिवाय पहिल्या उन्हाळ्यात तंबूंतून राहणारी कितीतरी माणसे नुसत्या उन्हाने गेली.

धरणाच्या मध्यावरून दोन राज्यांची सीमा जाते. पाणी आत घेणाऱ्या मनोऱ्यांवर दोन घड्याळे आहेत, एक नेवाडाचे आणि एक ॲरिझोनाचे. हिवाळ्यात त्यांत तासाचा फरक असतो. आम्ही गेलो तेव्हा दोन्हींत एकच वेळ होती.

मग मी वरच्या अंगाला वळून जलाशय पाहिला आणि तेथेच थबकलो. निळे पाणी खोल गेलेले, आणि त्यावर कड्यांना दीडशे फूट उंचीचा पांढराफटक पट्टा. तांब्याच्या हंड्यात पाणी होते तेथपर्यंत क्षाराची रेघ बसते, तसा. पूर्वी पाणी तेथवर होते. २०२२ च्या जुलैत पाणी १९३७ नंतरच्या सर्वांत खालच्या पातळीवर गेले होते, तलाव जेमतेम पाव उरला होता. नंतर ते थोडे चढले, पण पांढरा पट्टा तसाच.

कागदावरचे पाणी

हा तलाव पूर्ण भरला तर त्यात अकराशे टीएमसीहून अधिक पाणी मावते, म्हणजे दहा कोयना. मग तो आटला कसा?

कोलोरॅडो नदीचे पाणी सात राज्यांनी १९२२ साली करार करून वाटून घेतले. वरच्या राज्यांना आणि खालच्या राज्यांना प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट. आपल्या हिशेबाने प्रत्येकी सुमारे ३२७ टीएमसी. १९४४ साली मेक्सिको देशाला आणखी ६५ टीएमसी द्यायचे ठरले. बेरीज केली तर ७२० टीएमसीच्या आसपास होते. बच्छावत लवादाने १९७६ साली कृष्णेतून महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिले, हे आमच्या भागात पोराटोरांना पाठ आहे. त्यामुळे हा हिशेब मला लगेच कळला.

पण त्या करारात मेख अशी होती की वाटणी केली तेव्हाची वर्षे भरपूर पावसाची होती. नदी तेवढी कायमच वाहणार असे धरून आकडे लिहिले गेले. २००० सालानंतर नदीची सरासरी आवक साडेपाचशे टीएमसीच्याही आतच राहिली आहे. म्हणजे नदीत नसलेले पाणी कागदावर वाटलेले. नदी समुद्राला मिळणेही १९६० च्या दशकानंतर जवळजवळ थांबले.

यात लास व्हेगासचा दोष किती? नेवाडा राज्याचा साऱ्या वर्षाचा वाटा अवघा १३ टीएमसी, कॅलिफोर्नियाचा १९२. त्या तेरात शहराने भागवायला शिकले आहे. घरांत आणि हॉटेलांत वापरलेले जवळजवळ सगळे पाणी गोळा करून, शुद्ध करून पुन्हा वापरतात, आणि त्यातले पुष्कळसे परत जलाशयात सोडतात. शोभेची हिरवळ काढून टाकणाऱ्याला चौरस फुटावर पैसे देतात. २०२१ साली कायदा करून, ज्या हिरवळीवर कोणी खेळत-बसत नाही तिला २०२७ पासून नदीचे पाणी देण्यास मनाई केली. २००२ नंतर लाखो माणसे वाढली, तरी शहर नदीतून तेव्हापेक्षा कमी पाणी घेते.

मग उरलेले पाणी जाते कोठे? वाचकहो, आपल्यासारख्यांकडेच. त्या नदीतून माणसे जे पाणी वापरतात त्याचे सुमारे तीन-चतुर्थांश शेतीला लागते, आणि त्यातले बरेचसे लसूणघास आणि इतर चाऱ्याला. कारंज्याकडे बोट दाखवणे सोपे होते, हे ऐकायला जड गेले. २०२३ साली खालच्या तीन राज्यांनी २०२६ अखेरपर्यंत १३० टीएमसी पाणी वाचवण्याचे कबूल केले. बहुतेक बचतीसाठी सरकारने शेतकऱ्यांना आणि इतर वापरणाऱ्यांना पैसे मोजायचे ठरवले. वाटणी शंभर वर्षांपूर्वीची, आणि दुरुस्तीला आता सुरुवात.

मी कठड्याला टेकून उभा होतो आणि मला आमची विहीर दिसत होती. वडील २०२० साली गेले. त्या वर्षी पाऊस भरपूर, आठ तास मोटार चालली तरी विहिरीचे पाणी हटत नव्हते. मी थोरला, माझे रान चार एकर. भावाचे तीन. पंचांसमोर वाटणी झाली : आठवड्यातले पहिले चार दिवस माझे, पुढचे तीन त्याचे. कागदावर दोघांच्या सह्या. २०२३ ला पावसाने दगा दिला. माझ्या चार दिवसांतच विहीर तळाला जायची आणि भावाच्या वाट्याला गाळ यायचा. तो बोलला की मी कागद दाखवायचो. कागद माझ्या बाजूचा होता, यात खोटे काही नव्हते.

गाडीतळावर येऊन मी मुलाकडून फोन मागून घेतला. तेथे सकाळचे नऊ, गावात रात्रीचे साडेनऊ. शेतीची वीज रात्रपाळीची, म्हणजे भाऊ विहिरीवरच असणार.

“दादा? इतक्या रातीचं? सगळं खुशाल ना?” त्याचा आवाज घाबरलेला.

“खुशाल आहे. विहिरीला पाणी किती आहे?”

तो क्षणभर बोलला नाही. मग म्हणाला, “दीड परस. उद्यापासून तुमची पाळी हाय.”

“माझी पाळी राहू दे. आहे त्यातलं तू तुझ्या डाळिंबाला घे. मी आलो की बसून बोलू.”

पलीकडे नुसता मोटारीचा आवाज येत राहिला.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

उन्हाळ्यात फिरणे सकाळी दहाच्या आत उरकावे. गाडीत माणशी किमान चार लिटर पाणी ठेवावे आणि उतरताना बाटली हातात घ्यावी. पोर, म्हातारे माणूस किंवा जनावर बंद गाडीत मिनिटभरही ठेवू नये. दुसरे, टाकी अर्धी झाली की भरावी. तिसरे, कोठे जातो आणि केव्हा परतणार हे मागे कोणाला तरी सांगून निघावे. चौथे, लांबचा मोह धरू नये. ग्रँड कॅन्यनचा प्रसिद्ध दक्षिण काठ ४५० किलोमीटरवर आहे, एका दिवसात जाऊन-येऊन नुसती दमणूकच होते. पश्चिमेचा काठ दोन-अडीच तासांवर आहे, तेवढा एका दिवसात होतो.

मुलखावर आल्यावर आम्ही दोघे भाऊ विहिरीत उतरलो. पायऱ्यांच्या कडेने फूट-फूट अंतरावर चुन्याच्या रेघा ओढल्या. आता दर रविवारी रेघ पाहायची आणि जेवढे पाणी दिसेल तेवढ्याचीच वाटणी करायची, सातात चार आणि तीन. पाणी अमुक रेघेखाली गेले की उसाला बंद, फक्त डाळिंब आणि जनावरे. जुना कागद अजून पेटीत आहे, फाडला नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमचे भांडण झाले नाही असे नाही. झाले. पण ते रेघ ओली की कोरडी यावरून झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून जाऊन ती पाहिली.